पित्ताशयाची भिंत जाड दिसली, तर आधी शिरा पाहा

वसमत असो की कळमनुरी, सेनगाव असो की औंढा नागनाथ, पोटाची सोनोग्राफी ही हिंगोली जिल्ह्यात आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पोट दुखले, अन्न जाईनासे झाले, की डॉक्टर चिठ्ठी देतात आणि दुपारपर्यंत छापील रिपोर्ट हातात पडतो. घरातला शिकलेला पोरगा तो वाचायला घेतो. ‘जीबी वॉल थिकन्ड’ या शब्दांवर त्याचे बोट थांबते आणि रात्रीच्या जेवणापर्यंत भावकीत चर्चा सुरू झालेली असते : पित्ताची पिशवी काढायची का, आणि काढायची तर नांदेडला की संभाजीनगरला?

या चर्चेत एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. भिंत जाड आहे हे खरे, पण ती कशाने जाड झाली? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर साधे असते : खडे आणि त्यांच्यामुळे आलेली सूज. काही थोड्या लोकांत मात्र ती जाडी फुगलेल्या शिरांची असते. पित्ताशयाच्या भिंतीत आणि भोवताली वेड्यावाकड्या शिरांचे जाळे पसरलेले असते आणि साध्या करड्या सोनोग्राफीत ते सुजलेल्या भिंतीसारखेच दिसू शकते. अशा पोटात सर्जनने बेसावधपणे हात घातला तर रक्तस्राव आवरता आवरत नाही. हे टाळायला लागणारी पहिली तपासणी फार महागडी नाही की दूरची नाही. यंत्रात सोय असेल तर त्याच टेबलावर कलर डॉपलर लावून काही मिनिटे जास्त द्यावी लागतात, एवढेच.

या शिरा येतात कुठून, हे कळले की रिपोर्टमधले निम्मे शब्द उलगडतात. आतडी, जठर, स्वादुपिंड आणि पाणथरी म्हणजे प्लीहा, यांच्याकडून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी यकृतात जाते. ते वाहून नेणारी मोठी शीर म्हणजे पोर्टल व्हेन. आतड्यांकडची शीर आणि पाणथरीकडची शीर स्वादुपिंडाच्या मागे एकमेकींना मिळतात आणि तिथून सुमारे आठ सेंटीमीटर लांबीची ही वाहिनी यकृतात शिरते. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा साधारण तीन चतुर्थांश भाग हिच्यातून येतो, उरलेला धमनीतून. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यात पुढे गाळ साचला, की तुंबलेले पाणी वाट मिळेल त्या चारीत आणि ओढ्यात घुसते. वसमतच्या हळद उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको. पोर्टल व्हेनचे तेच होते. पुढे अडथळा आला की मागे दाब चढतो आणि एरवी नजरेतही न भरणाऱ्या आडवाटेच्या शिरा फुगू लागतात.

या चढलेल्या दाबाला डॉक्टर पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. दंडाला पट्टा बांधून मोजतात त्या रक्तदाबाशी त्याचा काही संबंध नाही. ‘आमच्या बाबांचा बीपी एकदम नॉर्मल आहे’ हे वाक्य इथे उपयोगाचे नसते.

फुगणाऱ्या शिरांची ठिकाणे बरीचशी ठरलेली असतात : अन्ननलिकेचे खालचे टोक, जठराचा वरचा भाग, बेंबीकडे जाणारी वाट, पाणथरी आणि डावे मूत्रपिंड यांच्यामधली जागा. अन्ननलिकेतल्या शिरा फुटल्या की रक्ताची उलटी होते, म्हणून त्यांचीच चर्चा जास्त. पित्ताशयाभोवतीच्या शिरा त्या मानाने निरुपद्रवी. वर्षानुवर्षे त्या त्रास देत नाहीत आणि नेमक्या त्यामुळेच रिपोर्टमध्ये त्यांची नोंद करायची राहून जाते. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये पोर्टल हायपरटेन्शनच्या रुग्णांत या शिरांचा आणि पित्ताशयाच्या कामाचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. शिरा असूनही पित्ताशयाचे आकुंचन-प्रसरण बिघडत नाही, असे त्यात आढळले. म्हणजे रिपोर्टमध्ये ‘जीबी व्हेरिसेस’ लिहून आले म्हणून पित्ताशय निकामी झाले, असे समजण्याचे कारण नाही.

अडथळा कुठे आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. प्रौढांमध्ये तो बहुधा यकृतातच असतो. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर येणारी चरबी यांपैकी कशाने तरी यकृत आतून घट्ट होते, गाठाळते आणि रक्ताला वाट देईनासे होते. हाच सिरॉसिस. हिपॅटायटिसपुरते सांगायचे तर त्याची तपासणी आणि औषधे सरकारी यंत्रणेत मोफत मिळावीत यासाठी २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. सोनोग्राफीत यकृत खडबडीत दिसलेल्या प्रत्येकाने या दोन विषाणूंची रक्ततपासणी मागावीच.

लहान मुलांचे प्रकरण वेगळे. भारतात मुलांमधल्या पोर्टल हायपरटेन्शनचे एक मोठे कारण यकृताबाहेरच असते : खुद्द पोर्टल व्हेन रक्ताच्या गुठळीने बंद झालेली असते. जन्मानंतर नाळेला झालेला जंतुसंसर्ग हे त्याचे एक कारण. पुष्कळदा कारण सापडतच नाही. अशा मुलाचे यकृत चांगले असते. ते शाळेत जाते, खेळते. फक्त डाव्या बरगडीखाली पोट जड लागते. घरचे म्हणतात जंत असतील, औषध देतात. मग एके दिवशी अचानक रक्ताची मोठी उलटी होते आणि सगळे हादरतात. डाव्या बाजूला पाणथरी हाताला लागणाऱ्या मुलाची डॉपलर तपासणी उलटी होण्याआधी झाली, तर हा धक्का बराचसा टाळता येतो.

तिसरा प्रकार यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा बंद होण्याचा. त्याला बड-कियारी म्हणतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी २००१ मध्ये पश्चिम भारतातल्या बड-कियारी रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्त लवकर गोठण्याच्या आनुवंशिक दोषांचा, त्यातही फॅक्टर फाइव्ह लायडन या दोषाचा, या आजाराशी संबंध त्यातून पुढे आला. रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. पोटातल्या शिरेत गुठळी सापडली की चित्र काढून काम संपत नाही. ती का झाली याची रक्ततपासणी करावी लागते. घरात आणखी कुणाच्या पायात किंवा पोटात गुठळी झाली असेल, बहिणीचे वारंवार गर्भपात झाले असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

पोर्टल व्हेन बंद पडल्यावर शरीर स्वस्थ बसत नाही. काही दिवसांत, काही आठवड्यांत तिच्या आजूबाजूच्या बारीक शिरा रुंदावतात आणि बंद वाटेला वळसा घालून रक्त यकृतात पोचवू लागतात. मुख्य शिरेच्या जागी मग नागमोडी शिरांचा गुंता दिसतो. त्याला रिपोर्टमध्ये ‘पोर्टल कॅव्हर्नोमा’ किंवा ‘कॅव्हर्नस ट्रान्सफॉर्मेशन’ म्हणतात. एडिंबरोच्या बाल्फर आणि स्टुअर्ट यांनी १८६९ मध्येच असा रुग्ण नोंदवला होता. त्यांच्याकडे ना सोनोग्राफी होती ना क्ष-किरण. वाढलेली पाणथरी, पोटात पाणी आणि मृत्यूनंतर उघडलेले पोट, एवढ्यावर त्यांनी ते ओळखले.

हा गुंता पित्तनलिकेला आणि पित्ताशयाला खेटून असतो, कारण पोर्टल व्हेन आणि पित्तनलिका शेजारीशेजारी चालतात. पित्ताशयाच्या स्वतःच्या बारीक शिरांपैकी काही थेट लगतच्या यकृतात शिरतात, काही पोर्टल व्हेनच्या फांदीला मिळतात. मुख्य वाट बंद झाली की या शिरांवर भलताच भार येतो. फुगलेल्या शिरांनी पित्तनलिका दाबली जाते, तिच्यात अरुंद जागा तयार होतात, तिथे पित्त साचते, खडे होतात, कावीळ होते. या बाबतीत भारतीय डॉक्टरांनी केलेले काम जगभर वापरले जाते. चंडीगडच्या पीजीआयमधले दिलावरी आणि चावला यांनी १९९२ मध्ये पित्तनलिकेतल्या या बदलांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी ‘पोर्टल बिलिओपथी’ ही संज्ञा वापरली. पुढे २०१४ मध्ये यकृततज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने ‘पोर्टल कॅव्हर्नोमा कोलँजिओपथी’ हे नाव सुचवले. रिपोर्टमध्ये दोहोंपैकी कोणतेही आले तरी आजार तोच. पोर्टल व्हेन बंद असलेल्यांपैकी बहुतेकांच्या चित्रात हे बदल दिसतात, पण कावीळ, ताप, पोटदुखी असा प्रत्यक्ष त्रास त्यांतल्या थोड्यांनाच होतो.

आता तपासणीकडे. पोटाच्या सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी यायला सांगतात, त्याचे कारण नीट समजून घ्यावे. उपाशीपोटी पित्ताशय पित्ताने भरून ताणलेले असते आणि त्याची भिंत पातळ, तीन मिलिमीटरपर्यंत दिसते. खाल्ले की ते आकसते आणि निरोगी माणसाची भिंतही जाड भासते. खाण्यानंतर पोर्टल व्हेनमधला प्रवाहही वाढतो, त्यामुळे डॉपलरचे आकडे बदलतात. आपल्याकडे उपवासात चहाला माफी असते, ती इथे नाही. दुधाचा घोटभर चहासुद्धा पित्ताशयाला आकसायला पुरतो. तंबाखू आणि गुटख्यालाही सकाळी सुट्टी द्यावी. मधुमेही माणसाने सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी आणि इन्शुलिनचे किंवा गोळीचे काय करायचे ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे.

एवढे पाळूनही भिंत जाड निघाली, तरी पित्ताशयाचाच आजार असेल असे नाही. पोटात पाणी झाले, रक्तातले अल्ब्युमिन कमी झाले, हृदय किंवा मूत्रपिंड थकले, ताजी विषाणूजन्य कावीळ असली, तरी भिंत जाड होते. डेंग्यूत तर ती पुष्कळदा सुजते. पावसाळ्यात ताप आलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये जाड भिंत दिसली म्हणून पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची घाई करणे चुकीचे. ताप उतरल्यावर ती भिंत पुन्हा पूर्ववत होते.

डेंग्यूचाच धागा पुढे नेऊन एक गोष्ट सांगायला हवी. प्लेटलेट कमी निघाल्या की पावसाळ्यात प्रत्येकाला डेंग्यूच आठवतो. डेंग्यूतल्या प्लेटलेट आठवड्या-दोन आठवड्यांत वर येतात. दीड लाखाच्या खालचा आकडा महिनोन्‌महिने तसाच राहिला, तर वाढलेली पाणथरी प्लेटलेट अडकवून ठेवते आहे का, हे पाहायला हवे. अशा माणसाच्या सोनोग्राफीत पाणथरीची लांबी तेरा सेंटीमीटरहून जास्त आणि पित्ताशयाची भिंत जाड, ही जोडी दिसली तर डॉपलर केल्याशिवाय पुढे जाऊ नये. या लेखातला सर्वांत उपयोगी सल्ला कोणता असे कुणी विचारले, तर हाच.

डॉपलरचे तत्त्व जुने आहे. ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्रागमध्ये ते मांडले, तेही आकाशातल्या जोडताऱ्यांच्या रंगांविषयी. रक्तातल्या पेशींवर आदळून परतणाऱ्या ध्वनिलहरींना तेच तत्त्व लागू पडते. रक्त यंत्राच्या प्रोबकडे येत असेल तर पडद्यावर एक रंग, दूर जात असेल तर दुसरा. बहुतेक ठिकाणी येणारे लाल आणि जाणारे निळे अशी मांडणी ठेवतात. लोक फिल्म हातात घेऊन लाल म्हणजे शुद्ध रक्त, निळे म्हणजे अशुद्ध असा अर्थ लावतात, तो साफ चुकीचा आहे. एकच नागमोडी शीर अर्धी लाल आणि अर्धी निळी दिसू शकते, कारण ती वळते.

फुगलेल्या शिरा साध्या सोनोग्राफीत पित्ताशयाच्या भिंतीत काळ्या, वळणदार फटींसारख्या दिसतात. रंग लावला की त्या भरून येतात. त्यातला प्रवाह संथ आणि सलग असतो, धमनीसारखे ठोके त्यात नसतात. सुजलेल्या पित्ताशयाच्या भिंतीतही रक्तपुरवठा वाढलेला असतो, पण तो धमनीचा, ठोक्यांचा. हा फरक डॉपलरच्या आलेखावर कळतो. अडचण एवढीच, की संथ प्रवाह पकडायला यंत्राची वेगाची पट्टी मुद्दाम खाली आणावी लागते. ती वरच राहिली तर शिरा असूनही रंग भरत नाही आणि ‘प्रवाह नाही’ असा निष्कर्ष निघतो. रेडिऑलॉजिस्ट हे जाणतात. मात्र त्यांना आधी शंका यायला हवी. शंका येते ती चिठ्ठीमुळे. ‘पोटाची सोनोग्राफी’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी नेली तर खडे आहेत की नाहीत एवढेच उत्तर मिळते. चिठ्ठीवर रक्ताची उलटी, वाढलेली पाणथरी, कमी प्लेटलेट, दारूची सवय, जुनी कावीळ यांपैकी जे असेल ते आणि ‘पोर्टल व्हेन डॉपलर’ हे शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. काही कारणाने चिठ्ठीत आले नाही, तर टेबलावर झोपल्यावर रुग्णाने तोंडाने सांगावे. त्यात संकोच कसला?

डॉपलरच्या रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधाव्यात. पोर्टल व्हेन उघडी आहे का, तिचा व्यास किती, रक्त यकृताकडे जाते आहे की उलटे, आणि आडवाटेच्या शिरा म्हणजे कोलॅटरल्स कुठे दिसल्या. व्यास साधारण तेरा मिलिमीटरपर्यंत ठीक मानतात. त्याहून रुंद शीर दाब वाढल्याची शंका निर्माण करते, पण अरुंद आहे म्हणून दाब नाही असे म्हणता येत नाही. आडवाटा मोठ्या झाल्या की मुख्य शिरेवरचा ताण उतरतो आणि व्यास पुन्हा कमी दिसतो. ‘हेपॅटोपेटल’ म्हणजे रक्त यकृताकडे, ‘हेपॅटोफ्यूगल’ म्हणजे यकृतापासून दूर. दुसरा शब्द दिसला तर पोटविकारतज्ज्ञाची भेट लांबवू नये. आकड्यांवरून घरीच निदान करू नये हे सांगायला नकोच, पण कागदात काय लिहिले आहे ते समजून डॉक्टरांसमोर बसणारा रुग्ण जास्त चांगले प्रश्न विचारतो.

पित्ताशयाजवळच्या शिरा आणखी एक घोळ घालतात, आणि तो निरोगी माणसांतही. पित्ताशयाला लागून असलेल्या यकृताच्या पट्ट्याला काही वेळा पोर्टल व्हेनऐवजी पित्ताशयाच्या शिरांतूनच रक्त मिळते. बेंबीकडून येणाऱ्या काही शिराही यकृताच्या पुढच्या भागात अशाच शिरतात. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ सापे यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. बाकीच्या यकृतात चरबी साचलेली असताना हा पट्टा चरबीविना राहतो आणि सोनोग्राफीत काळसर डागासारखा उमटतो. कॉन्ट्रास्ट दिलेल्या सीटीत तोच भाग बाकी यकृताच्या आधी उजळतो. चरबीविना राहिलेल्या या पट्ट्याला रिपोर्टमध्ये ‘फोकल फॅटी स्पेअरिंग’ म्हणतात. ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’च्या खाली ही ओळ वाचून गाठ झाली असे समजणारे पुष्कळ भेटतात. पित्ताशयाच्या खाचेजवळचा, कडेला टोकदार, आजूबाजूच्या शिरांना न ढकलणारा असा डाग बहुधा निरुपद्रवी असतो. शंका राहिलीच तर एमआरआय ती फेडते. मात्र सिरॉसिस असलेल्या माणसाच्या यकृतातल्या नव्या डागाला हा दिलासा लागू नाही. तिथे कर्करोग नाही याची खात्री करून घ्यावी लागते, आणि पोर्टल व्हेनमध्ये गुठळी असेल तर ती साधी आहे की कर्करोगाची, हेही कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआयमध्ये पाहावे लागते.

सीटी स्कॅनबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : शिरा पाहायच्या असतील तर कॉन्ट्रास्टशिवायचा सीटी जवळजवळ वाया जातो. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात आणि ठरलेल्या सेकंदांना चित्रे घेतात. साधारण तिसाव्या-पस्तिसाव्या सेकंदाला धमन्या उजळतात, पासष्ट-सत्तराव्या सेकंदाला पोर्टल व्हेन आणि तिच्या आडवाटा. ही दुसरी वेळ पकडली नाही तर गुंता दिसतच नाही. म्हणून चिठ्ठीवर ‘पोर्टल फेज’ किंवा ‘ट्रायफेजिक’ असे असावे. आदल्या दिवशीचा क्रिॲटिनिनचा रिपोर्ट सोबत असावा. मूत्रपिंडाचा आजार, पूर्वी अशा औषधाने आलेली ॲलर्जी, मेटफॉर्मिनची गोळी किंवा गरोदरपण असेल तर ते आधी सांगावे. पोटाच्या सीटीच्या एका फेरीत साधारण आठ ते दहा मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षाला मिळणारा जागतिक सरासरी डोस सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. गरज असेल तेव्हा हा व्यवहार फायद्याचाच असतो, पण मुलांमध्ये डॉपलर आणि एमआरआयने काम भागत असेल तर सीटीचा हट्ट धरू नये.

कावीळ असेल, पित्तनलिका दाबली गेल्याची शंका असेल, तर एमआरसीपी. हा एमआरआयचाच प्रकार. किरणोत्सर्ग नाही, आणि नुसत्या पित्तनलिकेच्या चित्रासाठी सुईही लागत नाही, कारण साचलेले पित्त स्वतःच पांढरे चमकते. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधी सांगायचे.

काविळीचा विषय निघाला की मराठवाड्यात माळ निघतेच. डोक्यावर घातलेली माळ लांबत पायापर्यंत गेली, चुन्याच्या पाण्यात हात धुतले आणि पाणी पिवळे झाले, की कावीळ उतरली असे मानणारी घरे आजही आहेत. हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांत आपली आपण बरी होते, त्यामुळे माळेला श्रेय मिळून जाते. शिरांनी दाबलेल्या नलिकेतली कावीळ अशी जात नाही. अंगाला खाज, पांढरट शौच, थंडी वाजून ताप, यांपैकी काही काविळीबरोबर असेल तर माळवाल्याकडे घालवलेला प्रत्येक दिवस महागात पडतो. तसेच हळदीचे. जेवणातल्या हळदीला भिण्याचे कारण नाही, आणि वसमतच्या हळदीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण मिरीचा अर्क घालून तयार केलेल्या तीव्र हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी अमेरिकेतून आल्या आहेत. यकृताचा आजार असणाऱ्याने त्या घेऊ नयेत.

तोंडातून दुर्बीण घालून होणारी एन्डोस्कोपी अन्ननलिकेतल्या आणि जठरातल्या शिरा दाखवते. पित्ताशयाच्या शिरा तिला दिसत नाहीत, आणि उलटपक्षी सोनोग्राफी अन्ननलिकेतल्या शिरांची खात्री देऊ शकत नाही. म्हणून पित्ताशयाभोवती शिरा सापडलेल्या माणसाला ‘त्रास काहीच नाही’ म्हणून एन्डोस्कोपी टाळता येत नाही. थोडी सूट आहे : सिरॉसिसच्या सुरुवातीच्या टप्प्यात यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचा आकडा २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर एन्डोस्कोपी पुढे ढकलता येते, असे पोर्टल हायपरटेन्शनवरच्या तज्ज्ञांच्या २०१५ च्या बाव्हेनो परिषदेने सुचवले आहे. पोर्टल व्हेनच बंद असलेल्यांना हा नियम लागू होत नाही, कारण त्यांचे यकृत मऊच असते.

शस्त्रक्रियेचा निर्णय यानंतर. खडे आहेत, पण दुखत नाही आणि भोवती शिरांचा गुंता आहे, अशा पित्ताशयाला सहसा हात लावत नाहीत. त्रास देणारे असेल, तर अनुभवी केंद्रांत बहुधा दोन टप्पे करतात : आधी शंट शस्त्रक्रिया करून, म्हणजे तुंबलेल्या रक्ताला दुसऱ्या शिरेत वाट जोडून देऊन, पोर्टल दाब उतरवायचा, शिरा ओसरल्या की मग पित्ताशय काढायचे. पित्तनलिकेत दुर्बिणीने खडा काढतानाही या शिरांतून रक्त वाहू शकते, म्हणून ते करणाऱ्या डॉक्टरांना आधी माहिती हवी. तालुक्याच्या गावी ‘एका दिवसात घरी’ या आश्वासनावर उरकण्याचे हे काम नव्हे. असे स्पष्टपणे सांगून रुग्णाला मोठ्या केंद्राकडे पाठवणारा स्थानिक सर्जन रुग्णाचे भलेच करत असतो. त्याच्यावर नाराज होऊ नये.

मोठे केंद्र म्हणजे कुठे? हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आता सुरू झाले आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा महाविद्यालयांचे एकाच वेळी उद्घाटन झाले, त्यांत ते होते. पण नवी संस्था स्थिरावायला वेळ लागतो. तोवर अशा गुंतागुंतीसाठी नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय, संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, आणि शंट किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली तर मुंबई, पुणे, नागपूर किंवा हैदराबाद, असा रस्ता असतो. निघण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे १५५३८८ या क्रमांकावर किंवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारावे. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते यादीतल्या उपचारांना. नुसता बाहेरून केलेला स्कॅन त्यात बसेल असे गृहीत धरू नये. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावे.

आणि फिल्म न्यायला विसरू नये. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून काढलेला व्हॉट्सॲपवरचा फोटो पाहून नांदेडचा डॉक्टर काही सांगू शकत नाही. सीटी किंवा एमआरआय केंद्रातून सीडी मागून घ्यावी. त्यात सगळी मूळ चित्रे असतात आणि तज्ज्ञ ती आपल्या संगणकावर पुढेमागे करून शिरांचा माग काढू शकतो. तपासणी पुन्हा करण्याचा खर्च आणि किरणोत्सर्ग दोन्ही वाचतात. जुने रिपोर्ट, अगदी पाच वर्षांपूर्वीचेही, त्याच पिशवीत असावेत. शिरा नव्या की जुन्या, हे त्यांवरूनच कळते.

पोर्टल हायपरटेन्शन ठरलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नयेत, दारू पूर्ण बंद करावी आणि प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलसारखी दाब उतरवणारी गोळी लिहून दिली असेल तर ती मनाने थांबवू नये. रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवावे, तोंडाने पाणीही देऊ नये, १०८ ला फोन करावा आणि ‘पोटातल्या शिरा फुगलेल्या आहेत’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. अशा रुग्णाची एन्डोस्कोपी पहिल्या बारा तासांत व्हावी, असा दंडक आहे.